दस्तात चूक राहिली, आता काय करायचे?

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधी ते मुळशी तालुक्यातले एक गाव होते. त्यामुळे इथल्या करारनाम्यांत आजही ‘मौजे ताथवडे, तालुका मुळशी’ असे लिहिलेले असते आणि त्याच परिच्छेदात पुढे ‘पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील’ असेही येते. एका जमिनीचा कागद इथे किती हातांतून जातो ते पाहा. आधी भावाभावांतले वाटणीपत्र, मग खरेदीखत, मग बिल्डरबरोबरचा विकसन करारनामा आणि त्यावरून दोन-चार इमारतींतल्या प्रत्येक फ्लॅटचा करारनामा. प्रत्येक टप्प्यावर मिळकतीचे वर्णन आधीच्या दस्तावरून उचललेले असते. वाटणीपत्रात हिस्सा नंबर चुकला असेल, तर तो पुढच्या पिढीच्या गृहकर्जाच्या फाइलपर्यंत तसाच चालत येतो.

चूक कळते तेव्हा लोक दोन टोकांना जातात. काही जण ‘टायपिंग मिस्टेक आहे, कोण बघतंय’ म्हणून सोडून देतात. बाकीचे घाबरून ‘आता सगळा व्यवहारच रद्द होणार’ असे धरून बसतात. दोन्ही चूक. कागद चुकला असेल आणि व्यवहार बरोबर असेल, तर कागद व्यवहारासारखा करून घेण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याचे कलम २६ त्यासाठीच आहे.

आधी चूक ओळखा

खरेदीखताचा मिळकत वर्णनाचा परिच्छेद उघडा. समजा, तिथे हिस्सा नंबर २/३ ऐवजी ३/२ पडला आहे. त्याच्या खाली चतुःसीमा असते : पूर्वेस कोण, दक्षिणेस रस्ता की ओढा, पश्चिमेस कोणाचा हिस्सा. या चतुःसीमा जागेवर बरोबर जुळत असतील आणि आकडाच तेवढा जुळत नसेल, तर दोघांच्या मनात कोणता तुकडा होता हे दस्त स्वतःच सांगतो. उलट आकडा बरोबर आणि चतुःसीमा भलत्याच प्लॉटच्या, असेही होते. टायपिस्टने शेजारच्या व्यवहाराची फाइल उघडून त्यातच नावे बदललेली असतात.

क्षेत्राच्या चुका जास्त फसव्या. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दहा गुंठ्यांच्या जागी दहा आर लिहिले गेले, की जवळपास १२६ चौरस फूट गायब. सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असे मांडलेले ४० आर उतरवून घेताना ०.४० चे ०.०४ झाले, तर दहापैकी नऊ हिस्से कागदावरून गेले. ताथवड्यातल्या आजच्या भावाने हा फरक काय किमतीला पडतो ते वेगळे सांगायला नको.

फ्लॅटच्या करारनाम्यात विंगचे अक्षर, मजला, कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा नंबर आणि नावाचे स्पेलिंग एवढ्या जागा आवर्जून तपासा. शेड भाड्याने देताना-घेताना अनामत रक्कम, दरवर्षीची भाडेवाढ आणि भाडे जीएसटीसह की वगळून, हे पाहा. चाकणच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांनी दर नगाला आहे की किलोला, ही ओळ सहीआधी बोट ठेवून वाचावी.

कागदाची चूक की सौद्याची?

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. न्यायालय सौदा सुधारून देत नाही. सौदा आधीच ठरलेला होता, तो दोघांना मान्य होता आणि कागदावर उतरताना बिघडला, एवढेच ते दुरुस्त करते. ‘भाव कमी लावला गेला’, ‘तेव्हा मेट्रोचा विचार केला नव्हता’, ‘ती अट घालायला हवी होती’ या गोष्टी कलम २६ मध्ये बसत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयासमोर १८९२ मध्ये आलेले एक प्रकरण यासाठी अजूनही शिकवले जाते : हाजी अब्दुल रहमान अल्लारखिया विरुद्ध बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. यात्रेकरूंना परत आणण्यासाठी एका व्यापाऱ्याने जेद्दाहून सुटणारे जहाज ठरवले. करारात तारीख लिहिली १० ऑगस्ट १८९२, आणि पुढे ‘हजनंतर पंधरा दिवसांनी’ असा उल्लेख. प्रत्यक्षात हजनंतरचा पंधरावा दिवस जुलैतच येत होता. व्यापाऱ्याने दावा लावला, की तारीख दुरुस्त करून द्या. न्यायालयाने ते नाकारले. कंपनीने इंग्रजी तारीख पाहून जहाज देऊ केले होते, मुसलमानी तिथीचा हिशेब तिच्या डोक्यात नव्हता. चूक एकाच बाजूची होती. जी तारीख दोघांनी मिळून कधी ठरवलीच नव्हती, ती न्यायालय कागदावर कशी घालणार?

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी स्वतःलाच विचारा : सहीच्या आदल्या दिवशी समोरच्याला विचारले असते, तर त्यानेही माझ्यासारखेच उत्तर दिले असते का? ‘हो’ असेल, तर ती परस्पर चूक आणि कलम २६ तुमच्या कामाचे. समोरच्याला वेगळे ठाऊक होते आणि त्याने मसुद्यात मुद्दाम वेगळे घातले, तर ती फसवणूक. तीही याच कलमात येते. पण फसवणूक केली एवढे म्हणून भागत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या कागदात, कशी केली, हा तपशील दाव्यात द्यावाच लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा तसा स्पष्ट नियम आहे. रागाच्या भरात प्रत्येक चुकीला फसवणूक म्हणू नका. सिद्ध करता आली नाही, तर चांगला दावाही लंगडा पडतो.

दोघे राजी असतील, तर न्यायालयात जाऊच नका

समोरचा माणूस हयात आहे, बोलतो आहे आणि चूक मान्य करतो आहे, तोवर चूक दुरुस्ती दस्त करून घ्या. मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या होत्या, त्या सगळ्यांच्या सह्या यावरही लागतात. मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि निबंधक कार्यालय लिहायचे. कोणत्या पानावर, कोणत्या परिच्छेदात काय छापले गेले आणि त्याऐवजी काय वाचावे, हे शब्दशः मांडायचे. ‘बाकी मजकूर कायम’ असे नमूद करायचे. मूळ दस्त नोंदणीकृत असेल, तर हाही दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि इंडेक्स टू हातात घेऊन तिथल्या तिथे वाचायचा. मिळकत बँकेकडे गहाण असेल, तर बँकेला आधी कळवा.

निव्वळ लेखनातली चूक असेल, तर मुद्रांक नाममात्र लागतो. दुरुस्तीच्या नावाखाली क्षेत्र वाढत असेल, मोबदला बदलत असेल किंवा मिळकतच दुसरी येत असेल, तर त्याकडे नवा व्यवहार म्हणून पाहिले जाऊ शकते आणि पूर्ण मुद्रांक शुल्क मागितले जाते. शंका असेल तर दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे नंतर दंडाची नोटीस येत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. नोंदणी झालेल्या दस्तावर पेनने आकडा गिरवणे, पांढरी शाई लावणे किंवा पान बदलणे. चूक कितीही क्षुल्लक असो, आणि समोरचा ‘करा, माझी हरकत नाही’ म्हणत असला, तरी नाही. निबंधक कार्यालयात मूळ नक्कल जशीच्या तशी असते. दोन्ही कागद समोरासमोर आले, की प्रामाणिक माणूस खोट्या दस्ताच्या आरोपाला उत्तर देत बसतो.

चुकीच्या दारात जाऊ नका, हेही इथेच सांगतो. दस्त बरोबर आहे आणि फक्त सातबाऱ्यावर किंवा फेरफारात नाव-आकडा चुकला आहे, तर दिवाणी दाव्याची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करायचा. उलट दस्तच चुकला असेल, तर तहसीलदार तो दुरुस्त करू शकत नाही, कितीही हेलपाटे घातले तरी. खासगी कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, कलम २६ मधून मुद्दाम वगळलेली आहे. ती कंपनी कायद्याप्रमाणे विशेष ठरावानेच बदलते.

सही मिळत नसेल, तर दावा

विकणारा वारला आणि वारसांपैकी एक जण अडून बसला. भागीदारी फुटली. बिल्डर फोन उचलत नाही. जमिनीचा भाव वाढला आणि समोरच्याला छापलेली चूकच सोयीची वाटू लागली. अशा वेळी दस्त दुरुस्तीचा दावा लावावा लागतो. तो दस्तातल्या कोणत्याही पक्षाला किंवा त्याच्या जागी आलेल्या माणसाला लावता येतो, म्हणजे वारसालाही. मूळ दस्तातले सगळे पक्ष किंवा त्यांचे वारस त्यात सामील करा. एखादी विवाहित बहीण राहून गेली, तर निकालानंतर तिथूनच पुन्हा वाद सुरू होतो.

‘लेखी करार असताना तोंडी बोलण्याला किंमत नाही’ असे गावात छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. सर्वसाधारण नियम तसाच आहे, पण त्याला अपवाद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये, आणि त्याआधी पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये, फसवणूक किंवा चूक दाखवण्यासाठी लेखाबाहेरचा पुरावा देता येतो असे म्हटले आहे. मात्र सहीचा कागद खोडून काढायचा असल्याने न्यायालय तो पुरावा कसून तपासते. २०१३ मध्ये भावंडांच्या मिळकतींच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की परस्पर चूक किंवा फसवणूक दाव्यात मांडून ती सिद्ध करण्याचा भार दुरुस्ती मागणाऱ्यावर आहे.

मग पुरावा कोणता? सहीच्या आधीचा कागद सगळ्यात वजनदार. विसार पावती, साठेखत, दोघांत फिरलेले मसुदे, कोटेशन, पर्चेस ऑर्डरआधीचे ईमेल. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. त्यानंतर दोघे कसे वागले ते : ताबा कोणत्या तुकड्याचा दिला, कुंपण कुठे घातले, मिळकत कर कोण भरतो, बिले कोणत्या दराने निघाली आणि ती हरकत न घेता चुकती झाली का. वर्षभर जुन्या दराने बिले घेणाऱ्याने नंतर ‘करारातला छापील दरच खरा’ म्हटले, तर त्याची स्वतःचीच बिले त्याच्या विरुद्ध जातात. व्हॉट्सॲपवरचे बोलणेही चालते, पण नुसता स्क्रीनशॉट देऊन नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना जुना हँडसेट एक्स्चेंजमध्ये देऊ नका. मसुदा करणारे वकील, साक्षीदार, मध्यस्थ एजंट यांची नावे आत्ताच लिहून ठेवा.

तिसरा माणूस मध्ये आला तर

उशीर सगळ्यात महाग पडतो तो इथे. कलम २६ सांगते, की चांगल्या हेतूने आणि मोबदला देऊन ज्या त्रयस्थाने हक्क मिळवला, त्याला धक्का न लावता शक्य असेल तेवढीच दुरुस्ती होईल. १८७७ च्या जुन्या कायद्यात याचे एक उदाहरण दिलेले होते, ते आपल्या भागाला अगदी लागू पडते. एकाने घर आणि तीन गोदामांपैकी एकच गोदाम विकायचे ठरवले. खरेदीदाराने मसुदा करताना लबाडीने तिन्ही गोदामे घातली. जास्तीच्या दोनपैकी एक त्याने कोणाला फुकट बक्षीस दिले, दुसरे भाड्याने दिले. घेणाऱ्या दोघांनाही लबाडी माहीत नव्हती. बक्षीस दिलेले गोदाम दस्तातून काढता येते, कारण त्याने काही मोजलेले नाही. पण भाडे भरणाऱ्याचा भाडेपट्टा हलवता येत नाही.

ताथवडे, पुनावळे, मारुंजी या पट्ट्यात एक तुकडा काही वर्षांत तीन हात बदलतो. तुमच्या दस्तात सुटलेला हिस्सा समोरच्याच्या नावावर दिसत राहिला आणि त्याने तो सातबारा पाहून पैसे मोजणाऱ्या कोणाला विकला, तर तुमची बाजू खरी असूनही हाती काही येत नाही. म्हणून चूक कळताच लेखी नोटीस द्या. दाव्याबरोबर मिळकत हस्तांतरित करू नये असा मनाई अर्ज करा, आणि दावा प्रलंबित असल्याची लिस पेंडन्स नोटीस नोंदवण्याबद्दल वकिलांना विचारा.

मुदत साधारण तीन वर्षांची धरा. चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर कळली असती तेव्हापासून मोजली जाते. हा दुसरा भाग लोक विसरतात. बँकेने कर्ज नाकारल्याचे पत्र, फेरफार नामंजूर झाल्याचा आदेश, मोजणीची तारीख हे कागद ‘कधी कळले’ याचा पुरावा असतात. ते पाकिटासकट ठेवा.

आधीच दावा चालू असेल तर

समजा, साठेखतावरून खरेदीखत करून मागण्याचा दावा तुम्ही लावला आहे आणि मध्येच लक्षात आले, की साठेखतातच गट नंबर चुकला आहे. वेगळा दावा लावावा लागत नाही. चालू दाव्यातच दुरुस्तीची मागणी घालता येते, आधी दुरुस्ती आणि मग त्या दुरुस्त कराराची अंमलबजावणी असा हुकूम होऊ शकतो. प्रतिवादीलाही बचावाबरोबर ती मागता येते. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. मागायचे राहिले असेल, तर दावा कोणत्याही टप्प्यावर असो, मजकुरात सुधारणा करू द्यावी असे कलमच सांगते.

२९ फेब्रुवारी २००८ च्या पूरण राम विरुद्ध भागूराम या निकालात, (२००८) ४ एससीसी १०२, राजस्थानातल्या जमिनीच्या करारात चकचा क्रमांक चुकला होता आणि तोच दाव्यात उतरला होता. सर्वोच्च न्यायालयाने सुधारणा मान्य केली आणि वेगळ्या दाव्याची गरज नसल्याचे म्हटले. समोरच्या वकिलाने ‘यासाठी नवा दावा लावा’ अशी हरकत घेतली, तर हा निकाल दाखवा.

कारखानदारांसाठी

शेडचे करार, जॉबवर्क, माल पुरवठा यांच्या करारात शेवटी बहुधा लवादाचे कलम असते. ते असेल, तर दुरुस्तीची मागणीही लवादापुढे जाऊ शकते. पुण्याच्याच एका प्रकरणात, डेक्कन पेपर मिल्स विरुद्ध रिजन्सी महावीर प्रॉपर्टीज, मुंढव्याच्या जमिनीचे करार रद्द करण्याचा प्रश्न होता. १९ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा वाद करारातल्या पक्षांपुरताच असतो आणि तो लवादाकडे जाऊ शकतो. त्या विवेचनात कलम २६ च्या दुरुस्तीचाही विचार झाला आहे. तेव्हा दिवाणी न्यायालयात दावा टाकून दोन वर्षांनी ‘लवादाकडे जा’ असे ऐकण्यापेक्षा करारातले शेवटचे पान आधी वाचा. लवाद नसेल, वाद व्यापारी असेल आणि रक्कम ३ लाख रुपयांची किंवा वर असेल, तर वाणिज्य न्यायालय कायद्याप्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल, तर त्यातून सूट मिळते.

निकाल लागल्यावर

हुकूमनाम्याची प्रत मिळाली म्हणजे काम झाले असे समजून ती कपाटात ठेवणारे खूप. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी कायद्यात त्यासाठी हुकूमनामा अंतिम झाल्यापासून चार महिन्यांची मुदत आहे. मग ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, फेरफाराचा अर्ज. हरकतींची नोटीस निघून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की नवा सातबारा काढून ताडून पाहा. महापालिकेची कर आकारणी, सोसायटी आणि बँक यांनाही प्रती द्या.

समोरचा शेवटी राजी झाला, तर दावा निकालापर्यंत ओढू नका. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. वकिलाची फी परवडत नसेल, तर शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग यांच्याबरोबर औद्योगिक कामगारालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चाकण-भोसरीत पाळ्या करणाऱ्या, वन बीएचकेच्या करारनाम्यात विंगचे अक्षर चुकलेल्या माणसाला हे सहसा कोणी सांगत नाही. अर्जाबरोबर कंपनीचे ओळखपत्र, दस्ताची प्रत आणि इंडेक्स टू न्यावे.